शब्दवेध: मोहल्ला

अरबीत 'ह-ल-ल' या धातूचा मूळ अर्थ गाठ सोडणे. प्रवासी जिथे उतरून सामानाच्या दोऱ्या सोडतो ती जागा 'महल्ला'. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन ती झाली मोहल्ला. महाल आणि जुना महालकरी याच कुळातले. उत्तर या अर्थाचा हिंदी 'हल'सुद्धा. तिथे गाठ सुटते ती प्रश्नाची.

भिवंडीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. १९७० आणि १९८४च्या हिंदू-मुस्लिम दंगलींत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात १९८८च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांच्या शांतता समित्या आधीही होत्या (त्या बहुधा दंगल झाल्यावरच आठवतात!). इथे मात्र दोन्ही धर्मांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली. वस्तीतली बारीकसारीक भांडणं तिथेच मिटू लागली आणि ओळख वाढल्यावर अफवांचा जोरही ओसरला.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या, त्यात माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांचा पुढाकार होता.