पिस्तुलावरील विजेरी निवडताना

पिस्तुलाच्या नळीखाली बसणारी छोटी विजेरी हे अमेरिकेतील पोलिसांचे आता नेहमीचे साहित्य झाले आहे. घराच्या संरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे तेथील नागरिकही ती सर्रास विकत घेतात. गोव्यात किंवा महाराष्ट्रात सामान्य परवानाधारकापुढे हा प्रश्न क्वचितच येतो. 9 मिमी काडतुसाची पिस्तुले आपल्याकडे नागरिकांना प्रतिबंधित आहेत, आणि परवान्यावर मिळणारे .32 चे पारंपरिक देशी पिस्तूल किंवा 2014 साली कानपूरच्या कारखान्यातून आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर यांना विजेरी अडकविण्याची सोयच नसते. मात्र विशेष पथकांतील जवानांना आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांना या विषयाची माहिती असणे उपयोगाचे आहे. जाहिरातींत या विजेरीच्या प्रखरतेचे आकडे ठळक छापलेले असतात. निवडीत खरे महत्त्व आहे ते कळ कोठे आहे याला.

विजेरी शस्त्रावर का चढली, हे आधी पाहू. पूर्वी पोलीस एका हातात विजेरी व दुसऱ्या हातात पिस्तूल धरीत. 1970 च्या दशकात रूढ झालेल्या हॅरीज पद्धतीत विजेरीचा हात पिस्तुलाच्या मनगटाखालून नेऊन दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींवर टेकवतात. पद्धत चांगली आहे. परंतु दार उघडायचे, मुलाला मागे ओढायचे किंवा दूरध्वनी करायचा, तर हात उरत नाही. विजेरी पिस्तुलालाच जोडली की दोन्ही हातांची पकड साधते आणि गरज पडल्यास एक हात मोकळाही राहतो.

या सोयीची किंमत मोठी आहे. प्रकाशाचा झोत व नळी यांची दिशा एकच होते. ज्याच्यावर झोत टाकाल, त्याच्यावर पिस्तूलही रोखले जाते. रात्री स्वयंपाकघरात खुडबुड झाली आणि पाहायला गेलेल्या माणसाने झोत टाकला, तर समोर उभा असलेला घरातलाच मुलगा त्या क्षणी भरलेल्या नळीपुढे असतो. म्हणून जाणते प्रशिक्षक सांगतात की, शोध घेण्यासाठी हातातली वेगळी विजेरीच वापरावी. शस्त्रावरची विजेरी ही शस्त्र रोखण्याचे कारण आधीच निर्माण झाले असेल तेव्हासाठी. अगदीच वेळ आली, तर नळी खाली जमिनीकडे ठेवून प्रकाश पाडावा. आजच्या विजेऱ्यांचा उजेड फरशीवरून उसळून साधी खोली ओळख पटण्याइतकी उजळतो. ज्याच्याकडे हातातली चांगली विजेरी नाही, त्याने पिस्तुलावरची घेऊच नये, असे माझे मत आहे.

आता कळीकडे येऊ. बहुतेक विजेऱ्यांची कळ मागच्या टोकाला, चापाभोवतीच्या कडीच्या किंचित पुढे असते आणि ती आधाराच्या हाताच्या अंगठ्याने दाबायची असते. चाप ओढणाऱ्या हाताचा तिच्याशी संबंध येत नाही. दुसऱ्या प्रकारात एक पट्टी मुठीच्या पुढच्या बाजूवर, चापाच्या कडीखाली येते आणि ती शस्त्र धरलेल्या हाताच्याच मधल्या बोटाने दाबावी लागते. कागदावर ही योजना सुटसुटीत दिसते. परंतु ताणाच्या क्षणी एक बोट आवळले की शेजारचे बोटही नकळत आवळते, आणि शेजारचे बोट चापावर असेल तर गोळी सुटते. ‘डेन्व्हर पोस्ट’ या अमेरिकी वृत्तपत्राने 2014 मध्ये, दिवा लावण्याच्या प्रयत्नात पोलिसांकडून चुकून गोळी सुटल्याच्या घटनांचा मागोवा घेतला होता. डेन्व्हरच्या पोलीस प्रमुखांनी तर कडीखाली येणाऱ्या कळींच्या वापरास मनाईच केली. दिवा लावण्यापूर्वी बोट चापापासून दूर, चौकटीवर सरळ ठेवण्याचा नियम पाळला असता तर हे टळले असते, हे खरे. पण ज्या रचनेत नियम मोडताच माणूस मरतो, ती रचना मुद्दाम निवडण्याचे कारण नाही. कळ अंगठ्याची असावी, दोन्ही बाजूंनी चालावी, आणि दाबेपर्यंतच प्रकाश व कायम प्रकाश असे दोन्ही प्रकार तिच्यात असावेत.

प्रखरतेचे दोन आकडे वेष्टनावर असतात. ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यभागाची तीव्रता. दहा मीटरवरच्या वस्तूवर किती लक्स प्रकाश पडेल, हे कँडेलाला शंभराने भागून कळते. स्ट्रीमलाइटची लहान टीएलआर-7ए ही 500 ल्युमेन व 5,000 कँडेलाची. तिचा दहा मीटरवरचा प्रकाश 50 लक्स. शुअरफायरची एक्स 300 टर्बो केवळ 650 ल्युमेनची, पण 66,000 कँडेलाची. तिचा 660 लक्स. एकूण प्रकाशात फरक थोडा, मध्यावर मात्र तेरा पटींचा. मैदानात, धुरात किंवा समोरच्या गाडीच्या दिव्यांवर मात करायची असेल तर कँडेला जास्त हवी. घराच्या चार भिंतींत तोच टोकदार झोत पांढऱ्या भिंतीवरून परतून वापरणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो आणि कडेचे काही दिसत नाही. तेथे मध्यम, पसरट झोत बरा. हजार ल्युमेनच्या मोहात पडण्याचे कारण नाही.

विजेरी अडकते ती नळीखालच्या खाचांच्या पट्टीवर. या पट्टीचे लष्करी प्रमाण अमेरिकेत 1995 साली ठरले आणि न्यू जर्सीतील पिकाटिनी शस्त्रागारावरून तिला नाव मिळाले. सर्व पिस्तुले ते प्रमाण तंतोतंत पाळत नाहीत. ग्लॉकची खाच वेगळी आहे. म्हणून विजेरीसोबत निरनिराळे छोटे तुकडे येतात, त्यांतला योग्य तो बसवावा लागतो. अरुंद पिस्तुलांसाठी खास विजेऱ्या असतात, आणि पट्टीच नसलेल्या काही पिस्तुलांसाठी चापाच्या कडीला कवटाळणाऱ्याही.

कमरेच्या होल्स्टरचा विचार खरेदीआधी करावा, कारण पैसे बहुधा तेथेच वाया जातात. कडक प्लॅस्टिकचे होल्स्टर विशिष्ट पिस्तूल व विशिष्ट विजेरी या जोडीसाठी साच्यात बनवलेले असते. विजेरी बदलली की तेही बदलावे लागते. मोठ्या विजेरीसाठी होल्स्टरचे तोंड रुंद ठेवावे लागते आणि काही होल्स्टरांत चापाजवळ फट राहते. त्या फटीतून सदऱ्याचे टोक किंवा जाकिटाची दोरी आत शिरू शकत असेल, तर ते होल्स्टर कितीही महागडे असले तरी परत करावे. ऑनलाइन बाजारात नामांकित विजेऱ्यांच्या हुबेहूब नकला खेळण्यातल्या बंदुकांसाठी म्हणून मिळतात. खऱ्या पिस्तुलाच्या धक्क्याने त्या सैल होतात वा विझतात.

देखभाल फारशी नसते. गोळीबारातील काजळी काचेवर साचून झोत मंदावतो. ती मऊ कापडाने वेळोवेळी पुसावी. अनेक विजेऱ्यांत 3 व्होल्टची सीआर 123 ए लिथियम बॅटरी असते. ती न वापरता वर्षानुवर्षे टिकते, पण विजेरी होल्स्टरमध्ये चुकून सुरू राहिली तर दीड-दोन तासांत संपते. म्हणून दर महिन्याला दिवा लावून पाहावा आणि वर्षातून एकदा बॅटरी बदलावी. काही विजेऱ्यांचे झाकण काचेच्या बाजूने, म्हणजे नळीच्या तोंडाशीच उघडते. बॅटरी बदलताना बोटे तेथे जाणार असतात, तेव्हा आधी मॅगझिन काढावे, कक्षातील काडतूस बाहेर घ्यावे, कक्ष रिकामा असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी, आणि मगच विजेरी पट्टीवरून उतरवावी.