रक्त न थांबणारी लेकरं आणि त्यांच्या आया

लेकराला खरचटलं तर रक्त थांबत नाही, रांगता-रांगता गुडघा सुजून टम्म होतो. अशा मुलाच्या आईला आमच्या सौंसरकडे हटकून विचारतात, "तुह्या माहेरी कोणाले होतं का वो?" प्रश्न चुकीचा नाही. वैद्यकानंही तोच विचारला. पण त्यांनी कारण शोधायला विचारला, आपण दोष द्यायला विचारतो. म्हणून हा इतिहास बायांना ठाऊक हवा.

१८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो या डॉक्टरानं एका घराण्याची हकीकत छापली. रक्तस्राव पुरुषांना होतो, पण तो पुढे जातो बायांकडून, असं त्यानं नोंदवलं. पुढे या रोगाला हिमोफिलिया नाव पडलं. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड याच रोगानं १८८४ मध्ये गेला आणि तिच्या लेकी-नातींकडून रोग रशियाच्या राजपुत्रापर्यंत पोचला. राजवाडाही सुटला नाही, तिथं आपलं घर काय!

कारण कळायला वेळ लागला. रक्त गोठवणाऱ्या आठव्या आणि नवव्या घटकाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. आईजवळ दोन एक्स, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाजवळ एकच. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला धोका निम्मा. आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच हा रोग नसतो, बदल नव्यानंच झालेला असतो. मग माहेर कशाला उकरायचं?

मुलींचं दुखणं मात्र मागे राहिलं. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी आलांड बेटांवरच्या एका लहान मुलीच्या आजारावर लिहिलं. तिच्या बहिणीही रक्तस्रावानं गेल्या होत्या. वयात आल्यावर पाळीच्या रक्तस्रावातच तीही गेली. हा आजार मुलगा-मुलगी दोघांना होतो. आपल्याकडे पोरीच्या अंगावरून खूप जातं म्हटलं, की "होते असं" म्हणून लोहाच्या गोळ्या देतात आणि विषय मिटवतात. नाकातून वारंवार रक्त, सहज काळे-निळे डाग आणि जड पाळी एकत्र दिसली, तर रक्त गोठण्याची तपासणी मागून घ्यावी.

उपचारांच्या इतिहासात बायांचा वाटा मोठा आहे. १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या रोझमेरी बिग्ज आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलियाचा दुसरा प्रकार वेगळा काढला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या ज्युडिथ पूल यांनी दाखवलं, की गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवला तर तळाशी आठवा घटक साचतो. रक्तपेढीत बनवता येणारं औषध त्यातून मिळालं.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगटांचं केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झाली. कोणती बाई वाहक आहे याची तपासणी आणि गर्भावस्थेतलं निदान यांवर तिथं मोठं काम झालं. रुग्णांच्या घरच्यांची देशभरची संघटना १९८३ मध्ये उभी राहिली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलियाचं नाव आलं, तेव्हा अशा लेकरांचा हक्क कागदावर आला.

तरी सासरी "हिच्या पूर्वकर्माचं फळ" ऐकू येतं. आपला धर्म तर सांगतो, ज्याचं कर्म त्याचं. एकाचं दुसऱ्याच्या माथी येत नाही. सुनेला बोल लावण्याऐवजी तिच्यासोबत नागपूरला जा, लेकराची तपासणी करा, आणि तिच्या बहिणींनाही सांगा.