परवानगी कोणाची?

गोंदिया जिल्ह्यातील केशोरीसारख्या गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की काही दिवसांत आशाताई दारात येते. बाळाचे वजन करते, अंग थंड पडलेले नाही ना ते पाहते, दूध नीट ओढते का ते विचारते. पहिल्या ४२ दिवसांत तिच्या अशा सहा भेटी ठरलेल्या असतात. बाळंतपण घरी झाले असेल तर सात. ही पद्धत शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात झालेल्या एका संशोधनातून आली. त्या संशोधनाच्या काळात काही गावांना ही सेवा मिळाली आणि काही गावांना मिळाली नाही. असे का करावे लागते, आणि त्याला परवानगी कोण देते? या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपणहून पुढे आले, त्यांना लस देण्यात आली. सुमारे निम्म्यांनी ती घेतली. न घेतलेल्या कैद्यांमध्ये प्लेगने आजारी पडणारे व मरणारे अधिक निघाले. लस न घेतलेले कैदी नसते, तर लसीचा गुण कळलाच नसता. यालाच आपण तुलनेचा गट म्हणतो.

मात्र येथे दोन शंका उरतात. पुढे आलेले कैदी मुळातच अधिक धडधाकट असतील तर? ही शंका विज्ञानाची झाली. दुसरी शंका न्यायाची आहे : गजाआडच्या माणसाचा होकार खरोखर मोकळा असतो का? हाफकिन यांना हा प्रश्न विचारणारी कोणतीही नीतिसमिती त्या काळी नव्हती.

नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत केलेले प्रयोग उघडकीस आल्यावर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता तयार झाली. माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हे तिचे पहिले कलम. १९६४ साली हेलसिंकी जाहीरनामा आला आणि १९७५ च्या सुधारणेत स्वतंत्र समितीच्या तपासणीची अट त्यात घातली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपले पहिले धोरण १९८० साली जाहीर केले. २००० साली मुंबईत आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठीही मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. ज्या अभ्यासात सुई टोचायची नाही, त्याला परवानगी कशाला, असे वाटेल. पण गर्भपात, एचआयव्ही किंवा घरातील मारहाण यांविषयी दिलेले उत्तर फुटले, तर त्या व्यक्तीचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

समिती आली, म्हणजे प्रश्न मिटला का? आफ्रिकेकडे पाहू. गरोदर आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण एझेडटी या औषधाने सुमारे दोन तृतीयांशांनी घटते, हे १९९४ साली सिद्ध झाले होते. तरीही त्यानंतर युगांडा, टांझानिया, आयव्हरी कोस्ट अशा देशांत झालेल्या चाचण्यांत काही मातांना औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी दिली गेली. या चाचण्यांना समित्यांची मान्यता होती. १९९७ साली त्यावर मोठा वाद पेटला. समर्थक म्हणत, की महाग उपचार येथे परवडणारच नाही, म्हणून स्वस्त व कमी मुदतीचा उपचार काहीच न देण्यापेक्षा बरा का, हे तपासले पाहिजे. विरोधक विचारत, की अमेरिकेत जे अन्याय्य ठरले असते, ते आफ्रिकेत न्याय्य कसे? १९९८ च्या आरंभी थायलंडमधून निकाल आला. कमी मुदतीच्या औषधाने लागण निम्म्याने घटत होती. त्यानंतर कोऱ्या गोळ्या थांबल्या.

आता गडचिरोलीकडे येऊ. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे फक्त नोंदी झाल्या. नंतरची तीन वर्षे गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर उपचारही केले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ साली भारत सरकारने ही पद्धत आशांमार्फत देशभर सुरू केली.

एझेडटीच्या चाचण्यांत आणि यात एक फरक ध्यानात घ्यायला हवा. तेथे गुणकारी औषध आधीच ठाऊक होते. येथे गावातल्या स्त्रिया हे काम करू शकतील की नाही, हेच कोणाला माहीत नव्हते. तुलनेच्या गावांतील सरकारी सेवाही चालू होती. तरीदेखील त्या ४७ गावांतही बाळे दगावली. आज आपल्या दारात येणाऱ्या सेवेवर त्या गावांचेही ऋण आहे.

शेवटचे उदाहरण थेट आपल्या व्यवसायाचे आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देणारा प्रकल्प झाला. तोही मान्यताप्राप्त होता. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत दिसले, की खम्ममच्या अडीच हजारांहून अधिक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती, असा याचा अर्थ नाही. संमती ज्यांची घ्यायची, त्यांची घेतली नव्हती.

आपल्या भागात आश्रमशाळा पुष्कळ आहेत आणि पाहणी करणारेही येत असतात. परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. तेव्हा कोणी मान्यतेचे पत्र पुढे केले, तर ते जरूर वाचावे. मग विचारावे : पालकांना त्यांच्या भाषेत सांगितले का? मूल नाही म्हणाले तर चालेल का? निष्कर्ष गावाला कळवणार का? ही उत्तरे मिळेपर्यंत मुख्याध्यापकांनी सही करू नये.