'टेबल' करणे : एका क्रियापदाचे दोन इतिहास

इंग्रजीच्या अभ्यासकांना चकवणाऱ्या क्रियापदांत 'टेबल' या क्रियापदाचे स्थान वेगळे आहे. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांच्या बाबतीत दोन शब्दांची सरमिसळ होते. येथे शब्द एकच, संदर्भही सभागृहाचाच, तरी अर्थ परस्परविरुद्ध. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो विचारार्थ मांडणे; अमेरिकेत त्याचा अर्थ तो बाजूला सारणे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर १९४१मध्ये, वॉशिंग्टन येथे ब्रिटिश व अमेरिकी नेत्यांची 'आर्केडिया' परिषद सुरू झाली. दोन्ही राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांच्या संयुक्त विचारविनिमयाच्या आरंभकाळातील एक प्रसंग विन्स्टन चर्चिल यांनी 'द ग्रँड अलायन्स' (१९५०) या ग्रंथात नोंदवला आहे. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेस घ्यायचे होते, म्हणून ते 'टेबल' करण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटले, टिपण बासनात गुंडाळले जाणार! दीर्घ आणि कटू वादानंतर उलगडा झाला, की दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती.

असे का व्हावे? मेज दोन्हीकडे आहे. वेगळी आहे ती रीत. ब्रिटिश संसदेत कागद मेजावर आला की तो सभागृहासमोर आला. अमेरिकी परंपरेत हातातील विषय मेजावर ठेवणे म्हणजे तो हातावेगळा करणे. हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६च्या प्रसिद्ध सभानियमांत हे बाजूला ठेवणे तात्पुरते आहे. प्रस्ताव पुन्हा उचलता येतो. अमेरिकी प्रतिनिधिगृहात मात्र असा ठराव संमत झाला, की मूळ प्रस्ताव चर्चेविना निकालात निघतो.

आपल्या विधिमंडळाच्या परिभाषेतील 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' हा प्रयोग ब्रिटिश वळणाचा. त्यामुळे अमेरिकी काँग्रेसचे वृत्त अनुवादताना हाच प्रयोग योजला, तर फेटाळलेला प्रस्ताव मराठीत 'मांडला' जातो. वाक्य निर्दोष राहते आणि इतिहास उलटा होतो.

शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जातो, पण घडतो तो संस्थांच्या व्यवहारात. म्हणून या क्रियापदापाशी 'अर्थ काय?' या प्रश्नाआधी 'सभागृह कोणते?' हे विचारणे श्रेयस्कर.