खतं, वह्या आणि हप्ते

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात त्या दिवशी बाजार भरला होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचलं. शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' या नावाखाली एका परिच्छेदात उरकलेला हा विषय. मार्कांपुरता पाठ केला आणि विसरलो.

त्या परिच्छेदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र तेव्हा लक्षात येत नाही. सुप्यात धान्य आणि माल लुटला गेला हे खरं, पण बहुतेक गावांत शेतकऱ्यांना हवे होते ते कागद. कर्जाची खतं, गहाणखतं, हिशोबाच्या वह्या. ते मिळाले की लोक त्यांची होळी करत. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तर सहसा त्याच्या अंगाला कुणी हात लावत नसे.

माणसाला सोडून कागदावर एवढा राग कशासाठी? हा प्रश्न मला शाळेत पडला नाही. तो २०२३ साली पडला, आमच्या स्वतःच्या कर्जाचा कागद वाचताना.

आम्ही दोघं खासगी नोकऱ्या करतो. २०२१च्या सुरुवातीला डोंबिवलीत वन बीएचके घेतला, त्यासाठी ४० लाखांचं कर्ज काढलं. दर पावणेसात टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ३०,४१५ रुपये. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता आणि गृहकर्ज एवढं स्वस्त कधी नव्हतं असं जो तो सांगत होता. मे २०२२पासून रेपो वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. आमचं कर्ज रेपोला बांधलेलं, त्यामुळे आमचा दर सव्वानऊ झाला.

दर वाढला की बँकेचा संदेश यायचा. हप्ता तोच राहील, मुदत सुधारली आहे. किती सुधारली, ते संदेशात नसायचं. शेवटी एका रविवारी आम्ही लॅपटॉपवर स्वतःच गणित मांडलं. दोन वर्षं हप्ते भरून मुद्दल सुमारे ३८ लाखांवर आलं होतं. सव्वानऊ टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याज २९,३०० च्या आसपास. म्हणजे ३०,४१५ रुपयांच्या हप्त्यातले जेमतेम ११०० रुपये मुद्दलात जात होते. हप्ता असाच ठेवला तर उरलेली १८ वर्षं वाढून ३५ वर्षांच्या पुढे जात होती, आणि ४० लाखांच्या कर्जावर एकूण व्याज ९५ लाखांच्या वर.

नवरा बराच वेळ आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "अगं, हे तर खत नवं करण्यासारखंच झालं."

त्याचं मूळ गाव बारामती तालुक्यात, सुप्यापासून फार लांब नाही. 'खत नवं करणं' हा शब्द त्याच्याकडे आजीकडून आलेला. मला तो माहीत नव्हता. त्या शब्दाचा माग काढत मी पुन्हा १८७५पर्यंत पोचले.

गोष्ट अशी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमीन महसुलाची फेरआकारणी करून सारा वाढवला. उत्पन्न घटलं, देणं वाढलं आणि पूर्वी सहज मिळणारं कर्ज आखडलं.

यात भर पडली एका कायद्याची. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज साचत राहू नये, हा त्यामागचा हेतू. झालं उलटंच. तीन वर्षं पुरी होत आली की सावकार कुळाला बोलवी आणि नवं खत करून घेई. जुन्या खतातलं मुद्दल आणि साचलेलं व्याज मिळून नव्या खताचं मुद्दल होई. त्यावर पुन्हा व्याज.

आपल्याकडे दामदुप्पट नावाचा जुना नियम होता. हिंदू धर्मशास्त्रातून आलेला आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानलेला. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असं तो सांगतो. खत नवं केलं की हा नियमही हतबल व्हायचा, कारण कालचं व्याज आज मुद्दल झालेलं असे. (आमच्या ९५ लाखांनाही दामदुप्पट लागू नाही. तो नियम थकलेल्या व्याजापुरता आहे आणि आमचं व्याज तर आम्ही दरमहा इमानेइतबारे भरत असतो.)

शेतकरी हे सगळं का चालवून घेत होता? कारण कागद त्याला वाचता येत नव्हता. खताखाली सहीच्या जागी नांगराची निशाणी काढली की झालं. किती दिले, किती फिटले, काय उरलं, हे सगळं सावकाराच्या वहीत. पैसे भरल्याची पावती मिळेलच असं नाही. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगापुढे रयतेने ज्या तक्रारी केल्या, त्यांत व्याजाच्या दराइतकीच ही तक्रार मोठी होती: खोटी खतं, न दिलेल्या पावत्या, न दाखवलेले हिशोब.

म्हणून होळी कागदाची. जो हिशोब बघता येत नाही, तपासता येत नाही, त्याच्याशी वाद तरी कसा घालणार?

आमची आणि त्या शेतकऱ्यांची तुलना मी करत नाहीये. त्यांची जमीन जात होती. आमच्याकडे दोन पगार आहेत, वाचता येतं, कॅल्क्युलेटर आहे. पण कर्जाचा इतिहास वाचायला लागल्यावर मला व्याजदरांपेक्षा एक वेगळाच धागा दिसायला लागला. हिशोब कुणाच्या हातात आहे, हा.

१८७९मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं थांबलं. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, ते तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला. ही कलमं अभ्यासकांना माहीत असतात. मला मात्र त्यातली साधी वाटणारी तरतूद जास्त मोठी वाटते. पैसे भरल्यावर लेखी पावती, वर्षातून एकदा हिशोबाचं विवरण आणि मागितल्यास पासबुकात उतरवलेला हिशोब, हे शेतकऱ्याचे हक्क ठरले. पासबुक! १८७९ साली.

कायद्याने सावकारी संपली नाही. गावातून निघालेला माणूस मुंबईच्या गिरणीत आला, तिथेही ती होतीच. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार खात्याने गिरणगावातल्या कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. जी. फिंडले शिरास यांनी तयार केलेला तो अहवाल १९२३ साली निघाला. २,४७३ कामगार कुटुंबांचे महिन्याचे हिशोब त्यात तपासले होते. धान्याला किती, जळणाला किती, भाड्याला किती. या कुटुंबांपैकी ९७ टक्के एकाच खोलीत राहत होती. ४७ टक्के कर्जात होती आणि ते कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढं होतं. व्याज बहुधा रुपयाला महिन्याला एक आणा. ऐकायला किरकोळ. पण रुपयात सोळा आणे, वर्षात बारा महिने. म्हणजे दर झाला ७५ टक्के.

दर सांगण्याच्या पद्धतीतच किती लपतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. 'फक्त एक आणा' आणि 'हप्ता तोच राहील' ही एकाच घराण्यातली वाक्यं आहेत.

त्या काळात पगारदार माणूस घरासाठी कर्ज काढतो, ही कल्पनाच नव्हती. घर म्हणजे चाळीतली भाड्याची खोली. १९१५मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. एकट्याला जे परवडत नाही ते मिळून करायचं, हा त्यातला विचार. आज आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून जी भांडणं होतात, त्यांचं मूळ घराणं हेच.

तरीही पुढची कित्येक वर्षं मध्यमवर्गीय माणूस घर घ्यायचा तो निवृत्त झाल्यावर, भविष्यनिर्वाह निधी हातात आला की. आयुष्यभर भाडं भरायचं आणि साठीला स्वतःच्या दाराला कुलूप लावायचं. हसमुखभाई पारेख यांना हे खटकत होतं. त्यांनी १९७७मध्ये एचडीएफसी काढली. केवळ घरांसाठी कर्ज देणारी ही देशातली पहिली खासगी संस्था. पगारातून हप्ते भरत तरुणपणीच घरात राहायला जायचं, ही आज आपल्याला निसर्गनियम वाटणारी गोष्ट अवघी पन्नासेक वर्षांची आहे. 'कर्जबाजारी' ही शिवी होती. तिच्या जागी 'होम लोन चालू आहे' हे स्थिरावल्याचं लक्षण आलं. सासूबाईंना अजूनही ते पटत नाही. पाहुण्यांसमोर त्या "मुलाने घर घेतलं" एवढंच सांगतात, कर्जाचा विषय निघाला की चहा टाकायला उठतात.

मला वाटतं, या बदलात आपण एक गोष्ट निसटू दिली. कर्जाची लाज गेली ते चांगलंच झालं, पण लाजेबरोबर धास्तीही गेली. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मोबाइल रिचार्ज, वीज, ओटीटी, हप्ता, सगळं एका रांगेत. वही सावकाराच्या घरात नाही, आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे आणि आपण ती उघडत नाही.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने याबद्दल एक परिपत्रक काढलं. व्याजदर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. मध्येच रक्कम भरून कर्ज कमी करण्याची मुभा असावी. दर तिमाहीला विवरण द्यावं: आजवर मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले, वार्षिक दर किती. सोप्या, समजेल अशा भाषेत. ते वाचताना मला १८७९च्या कायद्यातलं पासबुक आठवलं. मधे १४४ वर्षं गेली आणि मागणी तीच.

आम्ही परिपत्रकाची वाट न पाहता आधीच बँकेत गेलो होतो. १८ वर्षांची मुदत तशीच ठेवायची तर हप्ता सुमारे ३६,२०० व्हायला हवा होता. म्हणजे महिन्याला आणखी ५,८०० रुपये. हे कुठून आणायचे, यावर आमच्यात तीन दिवस वाद झाला. त्याला एसआयपी पूर्ण बंद करायची होती. मला हातात सहा महिन्यांचा खर्च असल्याशिवाय झोप लागत नाही. गावी पाठवायच्या पैशांना हात लावायचा नाही, यावर मात्र दोघांचं एकमत. शेवटी एसआयपी तीन हजारांनी कमी केली, बाहेरून मागवणं महिन्यातून दोनदा, बाकीचे त्याच्या पगारवाढीतून. नवी गाडी पुढे ढकलली. मूल कधी, हा प्रश्नही त्याच आकड्यांत अडकलेला होता. तो मोकळा व्हायला आणखी एक वर्ष गेलं.

फेब्रुवारी २०२५पासून रेपो उतरू लागला, जूनपर्यंत साडेपाचवर आला. बँकेने हप्ता कमी करायचा का म्हणून विचारलं. आम्ही तोच ठेवला. त्यामुळे दर तिमाहीच्या विवरणात 'उरलेले हप्ते' या रकान्यातला आकडा तीनपेक्षा जास्तीने घटलेला दिसतो. ते विवरण मी छापून घेते आणि वाणसामानाच्या यादीशेजारी फ्रिजवर लावते. आमच्या आठ महिन्यांच्या लेकीला अजून त्यातलं काही कळत नाही, पण खालचा लाल चुंबक तिला फार आवडतो.