अधिकार आणि ऐक्य : काशीच्या एका पंडिताचा प्रश्न

धर्मसमाजात फूट पडली असता ती सांधण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न काशीच्या मराठी पंडितांना नवा नव्हता. इ. स. १६५७ मध्ये देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहाराचा वाद मिटविण्यासाठी विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरली आणि तिने निर्णयपत्र दिले. नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) ह्याच विद्यापरंपरेत वाढले. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. त्यांच्या ‘षड्दर्शनदर्पणा’ची चर्चा पुष्कळ झाली आहे, परंतु धर्मांतरानंतरही त्यांना सतावणाऱ्या अधिकाराच्या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

ख्रिस्ती झाल्यावर गोऱ्ह्यांपुढे एक नव्हे, अनेक पंथ उभे राहिले. ग्रंथ एक, अर्थ अनेक. मग निर्णय कोणी द्यावयाचा? ह्या शोधात ते मिशनच्या प्रॉटेस्टंट वळणापासून दूर होत अँग्लिकन चर्चमधील परंपरानिष्ठ पक्षाकडे झुकले. प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा व अविभक्त आद्य चर्चची साक्ष हा ह्या पक्षाचा आधार होता. १८७० मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

परंतु ते आद्य चर्च तरी खरोखर अविभक्त होते काय? पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथच्या मंडळीने आपल्या वडील सेवकांना पदच्युत केले, तेव्हा रोमहून क्लेमेंटला समेटाचे पत्र धाडावे लागले. तिसऱ्या शतकात छळाला भिऊन श्रद्धा सोडलेल्यांना परत घ्यावे की नाही, ह्यावरून चर्च दुभंगले. कार्थेजचा बिशप सिप्रियन ह्याने प्रायश्चित्तानंतर त्यांना मार्ग मोकळा ठेवला. चौथ्या शतकारंभी डोनेटस-पंथीयांची फूट पडली. छळकाळी धर्मग्रंथ शत्रूच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंचे संस्कार ग्राह्य कसे मानावयाचे, हा त्यांचा सवाल होता.

ह्या वादासाठी ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांचे साडेपाचशेहून अधिक बिशप जमले. सभेपूर्वी ऑगस्टीनच्या पक्षाने एक विलक्षण तयारी दाखविली : आपण हरलो तर पदे सोडू, जिंकलो तर विरोधी बिशपांनाही पदाचे वाटेकरी करू, आणि एका गावी दोन बिशप लोकांना न रुचले, तर दोघेही पायउतार होऊ. ऐक्यासाठी अधिकारपद सोडण्याची ही सिद्धता आद्य चर्चच्या इतिहासातील एक उज्ज्वल क्षण होय. दुर्दैवाने निकालानंतर, ४१२ मध्ये, सम्राटाने दंडाचा फर्मान काढला. बळाने माणसे परत आली, मने आली नाहीत.

गोऱ्ह्यांनी अधिकाराचे पीठ शोधले. पदत्यागाचा हा धडा त्या पीठाच्याच इतिहासात होता. त्यांच्या प्रभावाने ख्रिस्ताकडे वळलेल्या पंडिता रमाबाईंनी मात्र धर्मगुरूंच्या अधिकारापुढे मान तुकविण्यास नकार दिला. एकाच प्रश्नाची ही दोन मराठी उत्तरे आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे गोऱ्ह्यांच्या अँग्लिकन चर्चसह अनेक पंथ उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये विलीन झाले. त्या वेळी निरनिराळ्या पंथांच्या धर्मसेवकांनी हस्तस्पर्शाच्या समान विधीने एकमेकांची सेवा मान्य केली. कोणाची परंपरा खरी, ह्याचा निवाडा करण्याऐवजी प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातून काही स्वीकारले. काशीच्या निर्णयपत्राहून ही रीत निराळी होती. कार्थेजच्या त्या न फळलेल्या प्रस्तावाला मात्र ती अधिक जवळची होती.