रानडुकरांचा पीक-उपद्रव (महाराष्ट्र)

रानडुकरांकडून शेतपिकांची होणारी नासधूस ही महाराष्ट्रातील शेतीपुढील एक गंभीर समस्या आहे. चारठाण्यासारख्या (ता. जिंतूर, जि. परभणी) गावांच्या शिवारांत ज्वारी, सोयाबीन, हरभरा अशी पिके घेतली जातात, ती रानडुकरांना बळी पडतात.

स्वरूप

मादी एका वेतात साधारणतः चार ते सहा पिले देते. वाघ-बिबट्यांचा वावर नसलेल्या भागात संख्येवर नैसर्गिक नियंत्रण राहत नाही. कळप रात्री शेतात शिरतात. खाण्याइतकेच नुकसान उकरण्याने आणि तुडवण्याने होते.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुक्कर संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकांना धोका असल्यास कलम ११ अन्वये सक्षम वनाधिकारी सकारण लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. जमीन स्वतःची असली, तरी शेतकऱ्यास परवानगीविना शिकार करता येत नाही. तसेच शिकाऱ्यास खासगी जमिनीत प्रवेशाचा स्वतंत्र हक्क या कलमात नाही. मारलेला प्राणी कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरतो. कलम ६२ अन्वये केंद्र शासन ठरावीक क्षेत्र व मुदतीपुरता प्राणी उपद्रवी घोषित करू शकते. बिहार (२०१५) आणि उत्तराखंड (२०१६) येथे रानडुकराबाबत तसे झाले.

उपाय

रात्रीची जागल आणि सौर झटका यंत्र हे रूढ उपाय आहेत. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून त्यामुळे माणसे व जनावरे दगावतात. नुकसानीचा पंचनामा झाल्यावर वनविभागाकडून भरपाई मिळते.